शब्दचर्चा : ‘मॅग्मॅटिक फ्लुइड’ला मराठीत काय म्हणावे?

विचारणा
एका भूशास्त्रीय लेखाचा अनुवाद करते आहे. तांबे, कथील, सोने यांचे साठे ‘मॅग्मॅटिक फ्लुइड’पासून तयार होतात, असे त्यात सारखे येते. मॅग्मा म्हणजे शिलारस हे ठाऊक आहे. मग हे फ्लुइड त्याहून वेगळे काय? ‘शिलारसीय द्रव’ चालेल का?

प्रतिसाद
‘शिलारसीय द्रव’ नको. वाचकाला वाटेल, वितळलेल्या खडकाबद्दलच चालले आहे.

शिलारस म्हणजे वितळलेला खडक. त्यात पाणी विरघळलेले असते. एक भूपट्ट दुसऱ्याखाली जातो तिथल्या शिलारसात ते वजनाने ४ ते ६ टक्क्यांपर्यंतही असू शकते. खोलवर दाब जबर असतो, म्हणून ते विरघळून राहते. शिलारस वर सरकला की दाब उतरतो. शिवाय तो निवू लागला की फेल्डस्पार, क्वार्ट्झ अशी पाणी सामावून न घेणारी खनिजे आधी गोठतात आणि उरलेल्या रसात पाण्याचे प्रमाण चढत जाते. शेवटी ते मावेनासे होते आणि वेगळे सुटते. सुटताना क्लोरीन आणि गंधक सोबत नेते. क्लोरीनला धरून तांबेही निघते. हे जे सुटून निघाले, ते फ्लुइड.

त्याला द्रव म्हणणेही खटकते. शुद्ध पाणी ३७४ अंश सेल्सियस आणि सुमारे २२१ बार दाबाच्या पलीकडे गेले की द्रव आणि वायू हा भेदच उरत नाही. (खारट पाण्यात ही मर्यादा आणखी वर जाते.) शिलारसातून सुटणारे पाणी ६००-७०० अंशांवरही असते. मराठी विश्वकोशात फ्लुइडसाठी ‘द्रायू’ आहे. द्रव आणि वायू, दोघांनाही पोटात घेणारा हा शब्द इथे चपखल बसतो. माझे मत: ‘शिलारसातून सुटलेला द्रायू’.

प्रतिसाद
‘जलतापीय विद्राव’ (हायड्रोथर्मल, म्हणजे तापलेल्या पाण्याचा) हा रूढ शब्द असताना नवा कशाला?

प्रतिसाद
जलतापीय चांगलाच शब्द आहे, पण पाणी कुठले ते तो सांगत नाही. १९७९ मध्ये पूर्व पॅसिफिकच्या तळाशी काळ्या धुरासारखे उसळणारे झरे सापडले. साडेतीनशे अंशांच्या वरचे ते पाणी धातूंची सल्फाइडे (गंधकाशी झालेली संयुगे) ओकत होते, तरी ते मुख्यतः तळात मुरून तापलेले समुद्राचेच पाणी. तिथला निक्षेप (खनिजांचा साठा) जलतापीय खरा, पण शिलारसातल्या पाण्याचा नव्हे. चिलीतील चुकिकामाता आणि एल तेनिएंते, अमेरिकेतील बिंगहॅम कॅन्यन इथले तांबे मात्र मूळचे शिलारसातून सुटलेल्या द्रायूचे. लेखात हा फरक महत्त्वाचा असेल, तर शब्दातही तो राहिला पाहिजे.

या खाणींमधला खडक जवळून पाहिला तर द्रायूची वाट दिसते. दाबाने खडक तडकला, त्या फटींत क्वार्ट्झ भरले आणि बारीक शिरांचे जाळे झाले. द्रायू साधारण ४०० ते ३०० अंशांपर्यंत निवताना कॅल्कोपायराइट (तांबे, लोह आणि गंधकाचे खनिज) शिरांत आणि आजूबाजूला ठिपक्यांसारखे साचले. पृथ्वीच्या कवचात तांबे सरासरी दहा लाख भागांत पन्नासच्या आसपास. इथे अर्धा-एक टक्का, म्हणजे शंभरपट किंवा अधिक.

आणि हा द्रायू अजून हाती लागतो! क्वार्ट्झ वाढताना त्याचे थेंब आत कोंडले गेले, मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाएवढे. सूक्ष्मदर्शकाखाली अशा थेंबात पाणी, एक बुडबुडा, मिठाचा चौकोनी स्फटिक आणि कधी काळा सल्फाइडचा कण दिसतो. क्वार्ट्झची पातळ चकती हळूहळू तापवत गेले की मीठ विरघळते, बुडबुडा नाहीसा होतो. त्या तापमानावरून थेंब किती उष्ण असताना कोंडला गेला, त्याचा निदान खालचा आकडा मिळतो. ब्रिटिश भूवैज्ञानिक हेन्री सॉर्बी यांनी या मार्गाचा पाया १८५८ मध्ये घातला.

विचारणा
फार छान. मग ‘शिलारसीय निक्षेप’ हा शब्द सगळ्यांसाठी वापरू का?

प्रतिसाद
तो राखून ठेवा. दक्षिण आफ्रिकेतील बुशवेल्डमधले क्रोमाइटचे (क्रोमियमच्या खनिजाचे) थर शिलारसातच स्फटिक होऊन साचले, ते शिलारसीय. वर सांगितलेल्या तांब्याच्या साठ्यांना ‘शिलारसीय-जलतापीय’ म्हणा.

आणखी एक: कॅल्कोपायराइट हे खनिज कुठेही खनिजच. ‘धातुक’ (ओअर) म्हणायचे ते त्यातून धातू काढणे परवडत असेल तेव्हाच. अनुवादात हे दोन शब्द एकमेकांच्या जागी येऊ देऊ नका.

विचारणा
‘द्रायू’ चालवायचा कसा?

प्रतिसाद
‘वायू’सारखाच. पुल्लिंगी: तो द्रायू, द्रायूत, द्रायूमुळे. समासात आधी आला की ऱ्हस्व: द्रायुयामिकी (फ्लुइड मेकॅनिक्स).