मदत हवी आहे: हिमोग्लोबिन १०.९, घाबरायचं का?

माहीमची_सई: रिपोर्ट आत्ताच व्हॉट्सॅपवर आलाय, हिमोग्लोबिन १०.९ आणि बाजूला लाल बाण. डॉक्टर सोमवारीच भेटणार आणि आज शुक्रवार, कितपत सिरियस आहे कोणी सांगेल का? प्लीज लवकर

कटिंग_चाय: कोणाचा रिपोर्ट? वय? पुरुषाला १३ च्या खाली कमी धरतात, बाईला १२, गरोदर असेल तर ११. नुसत्या १०.९ वरून काय सांगणार

गिरगावची_मावशी: अगं अळिवाचे लाडू खा. आमच्या सुनेचं ८ होतं, लाडवांनीच वर आलं. आणि भाजी लोखंडी कढईत कर, ते नॉनस्टिक दे फेकून.

कटिंग_चाय: मावशी, सूनबाई गोळ्या घेत नव्हत्या का?

गिरगावची_मावशी: घेत होती, पण फरक लाडवांचाच.

मुलुंडचे_अप्पा: माझं ६.८ आलं तर डॉक्टर म्हणाले वाढलंय, गोड बंद. लॅबप्रमाणे बदलतं वाटतं.

कटिंग_चाय: काका ते एचबीए१सी, शुगरचं!

मुलुंडचे_अप्पा: रिपोर्टवर हिमोग्लोबिनच लिहिलंय, वाचूनच बोलतोय.

माहीमची_सई: बहिणीचा आहे, वय २६. लोहाच्या गोळ्या तीन महिने चालू आहेत, आधी १०.७ होतं, हे लिहायचं राहिलं

स्लाइडवाला: राहिलं काय, तीच तर मेन गोष्ट! एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) आणि आरबीसी काउंट (लाल पेशींची संख्या) टाका.

माहीमची_सई: ६४ आणि ५.६. फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, ४८, ते नॉर्मल दाखवतंय

स्लाइडवाला: ६४ भागिले ५.६ म्हणजे ११.४. लोह कमी पडलं की पेशी लहान होतात पण सहसा संख्याही घटते, इथे पेशी बारीक आणि काउंट भरपूर, म्हणून १३ च्या खाली आकडा आला की थॅलेसेमिया मायनरची (हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक दोषाचा सौम्य प्रकार) शंका घेतात. अंदाजच आहे हा, एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी रक्ताची टेस्ट) केल्याशिवाय कळणार नाही, त्यात ए२ हा प्रकार साडेतीन टक्क्यांच्या वर आहे का बघतात. सोमवारी डॉक्टरांना हेच विचारा, आणि गोळ्या चालू ठेवायच्या का तेही.

गिरगावची_मावशी: ते सिंधी लोकांत असतं ना?

स्लाइडवाला: त्यांच्यात, कच्छी-लोहाणांत जास्त. आपल्यात नसतंच असं नाही.

माहीमची_सई: बापरे, तिचं मे महिन्यात लग्न आहे

स्लाइडवाला: घाबरू नका, मायनरवाले नॉर्मल आयुष्य जगतात. पण तिचं पॉझिटिव्ह आलं तर होणाऱ्या नवऱ्याचीही टेस्ट करा, दोघंही मायनर निघाले तर दर बाळंतपणात बाळाला मेजरचा, म्हणजे गंभीर प्रकाराचा, धोका २५ टक्के.

गिरगावची_मावशी: सासरी आत्ताच काही बोलू नका हो, लोक भलतंच समजतात.

कटिंग_चाय: लपवून काय होणार मावशी??

माहीमची_सई: दादरला रविवारी कुठली लॅब उघडी असते?

मुलुंडचे_अप्पा: रविवारी मेगाब्लॉक बघून निघा. आणि माझ्या ६.८ चं कोणी बोललंच नाही.