आवडते व्हिडिओ एकत्र बघायचा कार्यक्रम केला ठाण्यात, फीडबॅक वाचून डोकं फिरलंय

तलावपाळीकर

मंडळी जरा मदत हवीये. आपल्याला यूट्यूबवर काहीतरी भारी सापडतं, आपण ते ग्रुपवर टाकतो, खाली दोन अंगठे येतात आणि बघितलेला कोणीच नसतो, हे सगळ्यांचंच रडगाणं. म्हणून आम्ही चारपाच जणांनी ठरवलं की एक हॉल घ्यायचा, नौपाड्यातच, ज्याला जो व्हिडिओ आवडतो तो त्याने मोठ्या पडद्यावर लावायचा, आधी दोन शब्द बोलायचं आणि मग सगळ्यांनी मिळून बघायचं. एंट्री फ्री, दारात डबा ठेवलेला, ज्याला जमेल त्याने टाकावं. लोक आले बऱ्यापैकी, मागे उभे होते काही.

लोकांनी आणलेलं पण भन्नाट होतं. एका काकूंनी खानदेशातले मांडे करतानाचा व्हिडिओ आणला होता, एकाने कोकणातल्या जत्रेतल्या दशावताराचं जुनं रेकॉर्डिंग, एकाने सह्याद्रीतल्या किल्ल्यांचं ड्रोन शूटिंग (हे संपता संपेना), एका मुलाने फोनमध्ये सेव्ह करून ठेवलेला गावाकडच्या एका पोराचा टिकटॉक जो आता कुठे बघायलाच मिळत नाही. आणि एका कॉलेजच्या मुलीने यूट्यूबवरचा सगळ्यात पहिला व्हिडिओ लावला, १९ सेकंदांचा, एक माणूस प्राणीसंग्रहालयात हत्तींसमोर उभा राहून बोलतोय आणि संपला. पब्लिक म्हणे "बस? झालं?" मग तिने सांगितलं की हा यूट्यूब काढणाऱ्या तिघांपैकी एक, जावेद करीम, सॅन डिएगोचं झू, २३ एप्रिल २००५. त्यावर जी चर्चा सुरू झाली ती आवरता आवरेना, सगळ्यात छोटा व्हिडिओ आणि सगळ्यात जास्त वेळ त्यानेच खाल्ला.

आता फीडबॅक. शेवटच्या स्लाइडवर क्यूआर कोड टाकला होता, स्लाइड आली तोवर अर्धा हॉल उठून रिक्षा शोधायला गेला. जे फॉर्म आले ते असे:

"माणसं फार बोलली, व्हिडिओ कमी झाले."
"व्हिडिओ घरी पण बघता येतात, माणसांनी अजून बोलायला हवं होतं."
"मोबाइलमधले उभे व्हिडिओ हॉलमध्ये लावणं म्हणजे प्रेक्षकांचा अपमान."
"बायकांना स्वयंपाकाशिवाय काही सापडत नाही का."
"म्युझिक कानठळ्या बसवणारं आणि माणसाचा आवाज विहिरीतून आल्यासारखा. दशावतार तर मुकाच झाला."
"बेस्ट व्हिडिओला बक्षीस ठेवा."

आता सांगा यातलं काय मनावर घ्यायचं आणि काय सोडून द्यायचं? पुढच्या वेळी वेळेची मर्यादा घालू का, आणि बक्षीस ठेवू का? टीममध्ये यावरून दोन पार्ट्या पडल्यात ऑलरेडी.

घोडबंदरग्रस्त

मी होतो तिथे. फॉर्म नाही भरला कारण मी पण रिक्षा शोधत होतो, म्हणून इथेच भरतो.

पहिलं म्हणजे सातची वेळ लिहिली होती, सुरू झालं साडेसातला. घोडबंदर रोडवरून वेळेत पोचणाऱ्या माणसाला बसवून ठेवणं हे पाप आहे, तुम्हाला कल्पना नाही आम्ही कापूरबावडीला काय भोगून येतो ते.

दुसरं, पडदा फार खाली. मी मागून तिसऱ्या रांगेत होतो, मला पडद्याचा खालचा भाग दिसलाच नाही, नुसती डोकी. आणि सबटायटल येतात कुठे, खालीच. तो मल्याळी होडीवाल्यांचा व्हिडिओ मला समोरच्या काकांच्या टकलावर वाचावा लागला. एक तर पडदा वर घ्या नाहीतर व्हिडिओ खिडकी लहान करून पडद्याच्या वरच्या बाजूला सरकवा, खाली काळी पट्टी राहिली तरी चालेल.

आणि बोलण्याबद्दल. दोन्ही फॉर्मवाले आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण प्रॉब्लेम किती बोलले हा नाहीच, कधी बोलले हा आहे. ड्रोनवाल्या दादाने आधीच सांगितलं की आता हा बुरुज दिसेल, मग ढग बाजूला होतील, मग कडा दिसेल, अरे मग आम्ही बघायचं काय? त्या मुलीने एक अक्षर न सांगता व्हिडिओ लावला, लोकांना कळेना हे काय दाखवलं, मग ती बोलली. म्हणून ऐकलं सगळ्यांनी. आधी एवढंच सांगायचं की मला हा कुठे भेटला, बाकी सगळं बघून झाल्यावर. आणि वीस मिनिटांच्या व्हिडिओतले मधले तीन लावले तर किल्ला पडत नाही कुठला.

फेडरखाली_बसलेला

तलावपाळीकर, मी साउंडचं काम करतो, लग्न, सभा, गणपती, सगळं. तुमचा तो विहिरीवाला फीडबॅक वाचून मला हसूच आलं कारण कार्यक्रमाला न येता सांगतो काय झालं असणार ते.

लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढली, दुसऱ्या टोकाला एकच जाड जॅक, आणि तो सरळ मिक्सरच्या एका चॅनेलला घुसवला. बरोबर ना? लॅपटॉपमधून लेफ्ट आणि राइट असे दोन आवाज येतात. मिक्सरचं ते इनपुट बॅलन्स्ड असतं, त्याला वाटतं ही एकाच आवाजाची सुलटी आणि उलटी बाजू आहे, म्हणून तो एकातून दुसरा वजा करतो. मग दोन्हीकडे जे सारखं आहे ते उडून जातं. बोलणारा माणूस नेहमी मधोमध, म्हणजे दोन्हीकडे सारखा, तो गेला. म्युझिक दोन्ही बाजूंना पसरलेलं असतं ते उरलं. आणि जुनं रेकॉर्डिंग मोनो असतं, लेफ्ट राइट एकच, ते जवळजवळ पूर्णच गायब. म्हणून तुमचा दशावतार मुका. दशावतारी बिचारे बोंबलत असणार, तुमच्या मिक्सरने त्यांना शून्य केलं.

उपाय स्वस्तात आहे. एका टोकाला छोटा जॅक आणि दुसऱ्या टोकाला दोन वेगळे मोनो जॅक अशी वाय केबल घ्यायची, दोन चॅनेलला लावायची. लॅमिंग्टन रोडला जायची पण गरज नाही, ठाण्यातच मिळते. डीआय बॉक्स (लॅपटॉप आणि मिक्सरच्या मधे लावायचा छोटा डबा) मिळाला तर अजून उत्तम, मग चार्जर लावल्यावर जो घूंऽऽ आवाज येतो तो पण बहुतेक वेळा जातो.

अजून एक. यूट्यूब मोठ्या आवाजाचे व्हिडिओ स्वतःच खाली आणतं, साधारण -१४ एलयूएफएसला (आवाज कानाला किती मोठा लागतो ते मोजायचं माप), पण हळू आवाजाचे सहसा वर उचलत नाही. त्यामुळे प्रत्येक व्हिडिओचा आवाज वेगळा येणारच. कॉम्प्युटरवर व्हिडिओवर राइट क्लिक करून "स्टॅट्स फॉर नर्ड्स" उघडा, त्यात कंटेंट लाउडनेस म्हणून डेसिबल लिहिलेले असतात. उणे दहा दिसलं की समजायचं हा हळू आहे, फेडर, म्हणजे मिक्सरवरची आवाजाची सरकती दांडी, तेवढा वर न्यायचा. सगळ्या व्हिडिओंचे आकडे आधी एका कागदावर उतरवून मिक्सरवर चिकटवा. मी भाषणवाल्यांचं पण असंच करतो, कोण माइक खातं आणि कोण माइकपासून पळतं ते लिहून ठेवतो.

मांडेवाली

त्या काकू म्हणजे मी. पोरीने लिंक पाठवली म्हणून आले इथे.

स्वयंपाकाशिवाय काही सापडत नाही म्हणणाऱ्या गृहस्थांना सांगा की तो स्वयंपाकाचा व्हिडिओ नव्हता. आमच्याकडे मांड्याला पोळपाट लाटणं लागत नाही, पुरण भरलेला उंडा हातावर घेऊन नुसता या हातावरून त्या हातावर फिरवत मोठा करतात, कोपरापर्यंत येतो तो, आणि मग पालथ्या मातीच्या खापरावर टाकतात. त्या व्हिडिओतल्या आजींची मनगटं बघायची होती. कुठे जाड राहिला की त्या तिथेच जरा झटका देतात आणि फाटत नाही. माझी सासू करायची तसं, मला कधी जमलं नाही, माझा कायम मधे फाटतो. म्हणून मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघते.

हे मी बोलणार होते तर सूत्रसंचालन करणाऱ्या मुलाने माइक पुढे करून विचारलं, काकू रेसिपी सांगा ना. आता रेसिपी विचारल्यावर माणूस रेसिपीच सांगणार. पुढच्या वेळी बायकांना रेसिपी आणि पुरुषांना "यामागचा विचार काय" असं विचारू नका म्हणजे झालं. बाकी कार्यक्रम छान होता, पंखे मात्र फार वाजत होते.

नेरुळ_लोकल

आम्ही नवी मुंबईत सोसायटीच्या हॉलमध्ये असं काहीतरी करतो अधूनमधून, म्हणून दोन गोष्टी.

बक्षीस अजिबात ठेवू नका. आम्ही ठेवलं होतं. पुढच्या वेळेपासून सगळे कॉमेडी घेऊन आले नाहीतर स्वतःच्या भाच्याचा डान्स, आणि भाच्याची आई मतं गोळा करत हॉलभर फिरतेय. दशावतार आणणारा माणूस बक्षिसाच्या स्पर्धेत येतच नाही हो, आणि तुम्हाला नेमका तोच हवाय.

दुसरी गोष्ट जरा कंटाळवाणी आहे पण कोणीतरी बोलायला हवी. यूट्यूबच्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की व्हिडिओ वैयक्तिक, बिनव्यावसायिक बघण्यासाठी आहेत, सार्वजनिक ठिकाणी पडद्यावर दाखवायचे नाहीत. फ्री एंट्री असली तरी हॉल म्हणजे घर नव्हे, आणि तो डबा तर काढाच. आम्ही काय करतो, ज्याचा व्हिडिओ आहे त्यालाच मेल करून विचारतो, चॅनेलच्या माहितीत बऱ्याचदा मेल आयडी असतो. छोटे चॅनेलवाले खूश होतात, एकाने तर ओरिजिनल फाइलच पाठवली, मग जाहिरात नाही, बफरिंग नाही, हॉलच्या वायफायच्या नाकदुऱ्या काढायला नकोत. मोठे लोक उत्तर देत नाहीत, मग तो व्हिडिओ सोडून देतो. सर्चच्या फिल्टरमध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स असा पर्याय पण आहे, त्यात कमी मिळतं पण मिळतं.

फॉर्मचं म्हणाल तर बंद करा. हॉलमध्ये माणूस भिडेखातर छान म्हणतो आणि फॉर्मवर राग काढतो. आम्ही दुसऱ्या दिवशी सगळ्या लिंक ग्रुपवर टाकतो आणि एकच विचारतो, यातला कुठला कोणाला पाठवला? लोक लिहितात, भावाला पाठवला, ऑफिसातल्या अमक्याला पाठवला. ज्याचं नाव कोणीच घेत नाही तो पडला. यापेक्षा खरा फीडबॅक मला तरी माहीत नाही.

घोडबंदरग्रस्त

नेरुळ भाऊ हे पटलं नाही पूर्ण. मी त्या दिवसाचा तो हत्तींचा व्हिडिओ कोणालाच पाठवला नाही, पाठवून काय सांगणार, १९ सेकंद हत्ती बघ? पण त्या संध्याकाळी मला तोच आवडला. काही गोष्टी हॉलमध्येच चालतात. मांड्यांचा व्हिडिओ मात्र बहिणीला पाठवला, तिला पंखे ऐकू आले नसतील.

नेरुळ_लोकल

हा मुद्दा बरोबर आहे, मान्य. मग दोन प्रश्न विचारा, पाठवला कुठला आणि हॉलमध्येच बरा वाटला कुठला. तीन विचारू नका, तिसऱ्याला कोणी उत्तर देत नाही.

उभा_व्हिडिओ

टिकटॉक आणणारा मी. अपमानवाल्या साहेबांसाठी फक्त इतकंच, जून २०२० मध्ये ॲप बंद झालं तेव्हा गावागावातली पोरं एका रात्रीत गायब झाली, फॉलोअर सोडा, स्वतःचे व्हिडिओ पण गेले कितीतरी जणांचे. त्याच सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्स आणलं ते पहिल्यांदा भारतातच. मी दाखवला तो मुलगा शेतात बैलांसमोर बातम्या वाचायचा, बैल मान हलवायचे बरोबर वेळेवर. तो आता कुठे आहे मला माहीत नाही. उभा आहे म्हणून दाखवायचा नाही का? हां, पडद्यावर बारीक पट्टी दिसते हे खरं, त्याला काही करता आलं तर बघा.

फेडरखाली_बसलेला

प्रोजेक्टर मागे सरकवा नाहीतर झूम करा, पट्टी पडद्याच्या उंचीला पुरते तोवर. बाजूचा काळा भाग भिंतीवर सांडेल, सांडू दे, काळाच आहे तो. फक्त त्या व्हिडिओंचा वेगळा गट करा, दर वेळी झूम फिरवत बसलात तर पब्लिक ओरडेल.

तलावपाळीकर

अरे काय लोक आहात तुम्ही, एवढं तर आमच्या मीटिंगमध्ये पण कोणी बोललं नाही.

आत्ता हॉलवर जाऊन आलो. एकच जाड जॅक. फेडरवाले दादा तुमच्या पाया पडतो. तिथला माणूस म्हणे सगळे हीच वापरतात, आजवर कोणी तक्रार केली नाही. दशावतारवाल्या काकांना फोन केला, ते परत आणतायत तेच रेकॉर्डिंग, या वेळी गाऱ्हाणं ऐकू आलं पाहिजे म्हणाले.

ठरलं ते असं. बक्षीस नाही, डबा नाही, हॉलभाडं आम्ही वाटून घेणार. लिंक आठवडाभर आधी द्यायची म्हणजे परवानगीचे मेल करता येतील, ज्याचं उत्तर नाही तो व्हिडिओ नाही, आणि यावरून आमच्यातले दोघं नाराज आहेत कारण त्यांचे दोन्ही व्हिडिओ मोठ्या चॅनेलचे होते. आधी एक वाक्य, बाकी नंतर. वेळ संपली की वाजवायला घंटी ठेवायची की नाही यावर अजून भांडण चालू आहे, मला स्वतःला नको वाटते, ती मुलगी घंटीत बसली नसती.

मांडेवाल्या काकू, माइक या वेळी तुमच्याच हातात देतो, पोराला बाजूला बसवतो. पंख्यांचं मात्र हॉलवाल्याने हात वर केले, एक तर पंखा नाहीतर घाम असं म्हणाला.

मांडेवाली

पंखा चालू ठेवा. मी मोठ्याने बोलेन.

फेडरखाली_बसलेला

तारीख टाका, वाय केबल मी घेऊन येतो. मिक्सरला किती चॅनेल मोकळे आहेत त्याचा फोटो पाठवा आधी.