मदत हवी आहे: हिरवट ऑब्सिडियन बिंगोलचा की नेमरूत दाचा?

पूर्वा_प
प्रबंधाचं प्रकरण सोमवारी सरांना द्यायचंय आणि मी एका आलेखावर अडकलेय. ईशान्य सीरियातल्या उत्खननातल्या ऑब्सिडियन (ज्वालामुखीची काच) पात्यांचे एक्सआरएफचे, म्हणजे क्ष-किरणांनी मोजलेल्या मूलद्रव्यांचे, आकडे आहेत. रुबिडियम-स्ट्रॉन्शियमचा आलेख काढला. बाकीचे तुकडे छान वेगळे पडले, पण उजेडासमोर धरले की हिरवट दिसणारे सगळे एकाच ढिगात. दगड पूर्व तुर्कस्तानातल्या बिंगोलचा की नेमरूत दा डोंगराचा, नक्की कसं ठरवायचं? लवकर सांगा प्लीज.

सह्यकडा
हिरवा म्हणजे मेक्सिकोतलं पाचुका. तिथली पाती पार ग्वाटेमालातल्या टिकाल या माया शहरापर्यंत गेलीत.

गारगोटी
सीरियात मेक्सिकोचा दगड कुठून येणार? हिरवा तर इटलीच्या पांतेलेरिया बेटावरचाही असतो. रंगावर जाऊ नका. पूर्वाताई, यंत्र हातातलं की प्रयोगशाळेतलं? पात्यांची जाडी किती? उगमस्थानांचे नमुने स्वतः मोजलेत की छापील आकडे घेतलेत?

भटकंती६७
नेमरूतला जाऊन आलोय! डोंगरमाथ्यावर दगडी शिरं ठेवलेली आहेत, पहाटे अप्रतिम दिसतात. फोटो टाकतो.

गारगोटी
काका, तो आदियामानजवळचा नेमरूत, कोमाजीनच्या अंतिओकस राजाचा. हा व्हान सरोवराकाठचा ज्वालामुखी. नाव एक, डोंगर दोन.

मातीचे_पाय
हायड्रेशन करून बघा. ताज्या फुटलेल्या कडेत पाणी मुरत जातं, त्या थराच्या जाडीवरून काळ काढता येतो. १९६० पासूनची पद्धत आहे.

पूर्वा_प
काळ माहीत आहे हो, जागा हवीय! यंत्र हातातलं. बरीच पाती मिलिमीटरभर जाडीची. उगमाचे आकडे एका जुन्या लेखातले.

गारगोटी
मग घोळ तिथेच आहे. बिंगोल ए (बिंगोलच्या दगडाचा एक रासायनिक गट) आणि नेमरूत दोन्ही पेरअल्कलाइन, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या मानाने सोडियम-पोटॅशियम जास्त. दोन्हींत स्ट्रॉन्शियम नगण्य, म्हणून तुमच्या आलेखात दोघे अक्षाला चिकटून बसतात. झिरकोनियम मात्र भरपूर, तेव्हा लोह-झिरकोनियम काढून बघा. पण पातं पातळ असलं की झिरकोनियमचे जोरकस किरण आरपार निघून जातात आणि आकडा कमी येतो. आधी जाड तुकडे वेगळे काढा, गट त्यांच्यावरून ठरवा. पातळ पात्यांना शेजारशेजारच्या मूलद्रव्यांची गुणोत्तरं लावा.

रानवाटा
अ‍ॅल्युमिनियमही उपयोगी पडतं.

गारगोटी
पडतं, पण हातातल्या यंत्राला ते जेमतेम वरच्या पापुद्र्यातलं दिसतं. माती नीट धुतली नसेल तर मातीचाच आकडा येईल.

सह्यकडा
एवढी चिरफाड कशाला? दोन्ही पूर्व तुर्कस्तानातच. "पूर्व अनातोलियाशी व्यापार" असं लिहून मोकळ्या व्हा.

रानवाटा
दोघांत दीडशे किलोमीटरचं अंतर आहे, दादा. माल कुठल्या खोऱ्यातून खाली उतरला ते त्यावरून ठरतं. आणि उगम कळला म्हणजे व्यापार सिद्ध झाला असं नाही. कॅन आणि रेनफ्रू या संशोधकांनी १९६४ मध्ये बेरियम-झिरकोनियमवरून उगम वेगळे केले. पुढे रेनफ्रूंनी दाखवलं की उगमापासून सुमारे ३०० किमीपर्यंतच्या गावांत दगडी हत्यारांपैकी ८० टक्क्यांहून जास्त ऑब्सिडियनची, त्यापलीकडे प्रमाण झपाट्याने घसरतं. एका गावाने थोडा ठेवून उरलेला शेजारच्याला दिला, तरी असंच चित्र दिसेल. त्यासाठी व्यापारी कशाला लागतो?

सह्यकडा
मग मिलोस बेटाचा दगड ग्रीसच्या फ्रान्ख्थी गुहेत शेतीच्याही आधी पोचला तो? मध्ये समुद्र आहे.

रानवाटा
होडी लागली, बाजार नव्हे. लोक स्वतः जाऊनही आणत असतील.

भटकंती६७
आपल्या लोणारलाही काच सापडते ना? मग दख्खनमध्ये ऑब्सिडियन का नाही?

गारगोटी
लोणारची काच उल्केच्या आघाताने बसाल्ट वितळून झालेली. ऑब्सिडियनला सिलिका भरपूर असलेला लाव्हा लागतो, आपला बसाल्ट त्यात कमी पडतो. वेगळा धागा काढा, सविस्तर लिहितो.

पूर्वा_प
लोह-झिरकोनियम काढलं! जाड तुकड्यांचे दोन ढीग स्पष्ट पडले. पण काही ठिपके दोन्हींच्या मधे आहेत. तिसरा उगम असेल का?

गारगोटी
लगेच तिसरा उगम धरू नका. नेमरूतमध्येच रासायनिक गट बरेच आहेत आणि तुमच्या लेखात ते सगळे नसणार. विभागाच्या संग्रहात उगमाचे नमुने असतील तर त्याच यंत्रावर, त्याच सेटिंगवर मोजा. सोमवारपर्यंत जमत नसेल तर तेवढ्या तुकड्यांपुढे "अनिश्चित" लिहा आणि कारण द्या. मधल्या ठिपक्यांची जाडी किती आहे?