पेजमेकर आणि एक्सपीचं जुनं मशीन: चालवत राहायचं की निकालात काढायचं?

जुळारी
लहान छापखान्यांत आणि डीटीपीवाल्यांकडे अजूनही विंडोज एक्सपी, पेजमेकर ७ (पानं मांडायचं सॉफ्टवेअर) आणि सोबत श्री-लिपी नाहीतर आयएसएम (मराठी टायपिंगची नि फॉन्टची पॅकेजं), असाच थाट दिसतो. पेजमेकर ७ आलं २००१ ला, त्याचं पुढचं काम २००४ ला थांबलं, एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला. हे सगळं मान्य. तरी माझं मत असं की काम एकरंगी असेल, म्हणजे बिलबुकं, पत्रिका, संस्थांचे अहवाल, दीडदोनशे पानांचं पुस्तक, तर हे मशीन हलवायचं काही कारण नाही. सॉफ्टवेअरचे पैसे एकदाच दिलेत, दरमहा भाडं नाही. ५१२ एमबी रॅमवर फाइल झटकन उघडते. बुकलेटची पानं लावायला बिल्ड बुकलेट प्लगिन आहेच.

पथ्यं दोनच. मशीनला नेट जोडायचं नाही. आणि रोज काम संपताना 'सेव्ह ॲज' करायचं. नुसत्या सेव्हनं जुना डेटा आत साठत जातो आणि फाइल फुगते. सेव्ह ॲज केलं की ती नव्यानं लिहिली जाते आणि आकार बराच उतरतो. अंडू (केलेलं मागे घेणं) एकाच पायरीचं आहे, पण हात बसलेल्याचं त्यावाचून अडत नाही.

अर्धा_र
साफ असहमत. मशीन राहू द्या हो बाजूला, मजकुराचं काय?

जुन्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेत: अर्धा क इथे, काना तिथे, रफार तिसरीकडे. फाइलच्या दृष्टीनं तुमचं पुस्तक म्हणजे रोमन अक्षरांची आणि चिन्हांची रांग. त्या पीडीएफमध्ये एखादं नाव शोधून दाखवा. उतारा कॉपी करून मेलमध्ये टाका, काय दिसतं बघा. सूची अकारविल्हे लावता येत नाही, ई-बुक निघत नाही.

शिवाय आज लेखक मजकूर देतो तो व्हॉट्सॲपवर नाहीतर वर्डमध्ये, युनिकोडात, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक असतो त्या पद्धतीत. पेजमेकरला युनिकोड कळत नाही, थेट पेस्ट केलं की प्रश्नचिन्हांची रांग. म्हणजे आधी युनिकोडातून जुन्या फॉन्टात उतरवा, मग पुन्हा प्रुफं वाचा. वाचवलेलं भाडं तिथेच गेलं.

जंपर
दोघेही सॉफ्टवेअरवरच अडलात. बहुतेक ठिकाणी आधी मशीन मरतं, आणि ठरलेल्या क्रमानं मरतं.

१) बायोसचा (मशीन सुरू करणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅमचा) सेल. सीआर२०३२, तीन व्होल्टचा. उतरला की तारीख मागे जाते, सुरू होताना 'चेकसम एरर' येते. किरकोळ काम, पण सेल बदलल्यावर बायोसमधली डिस्कची सेटिंग्ज पुन्हा बघून घ्या.

२) कपॅसिटर. २००० नंतरच्या पाचसहा वर्षांतल्या बऱ्याच मदरबोर्डांवर प्रोसेसरशेजारचे कपॅसिटर डोक्यावर फुगतात. मशीन मधूनच रीस्टार्ट होतं आणि लोक विंडोजला शिव्या देत बसतात. बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्टेज तेवढं किंवा थोडं जास्त, आणि लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेले), १०५ अंशांचेच घ्या. साधे टाकले तर पुन्हा तेच होणार.

३) डिस्क. खडखड ऐकू आल्यावर बॅकअप घेणं म्हणजे उशीर झाला. चालती आहे तोवर ती काढून दुसऱ्या मशीनला लावा आणि 'डीडीरेस्क्यू'नं अख्ख्या डिस्कची प्रतिमा घ्या. नुसते फोल्डर कॉपी करून भागत नाही, कारण लायसन्स आणि फॉन्टची नोंद विंडोजच्या पोटात असते.

४) डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअरच्या लायसन्सचा पोर्टला लावायचा लॉक. खरं दुखणं हे. जुना लॉक २५ पिनांच्या प्रिंटर पोर्टला लागतो. नव्या बोर्डावर तो पोर्टच नसतो. बाजारातली यूएसबी-पॅरलल केबल इथे चालत नाही. ती फक्त प्रिंटरशी बोलते, डोंगलला थेट पोर्ट लागतो. पीसीआय कार्ड टाकलं तरी त्याचा पत्ता वेगळा पडतो आणि जुना ड्रायव्हर ३७८ हेक्सलाच शोधत बसतो.

जुळारी
म्हणूनच तशाच बोर्डाचं एक जुनं मशीन सुट्या भागांसाठी घेऊन ठेवावं म्हणतो. भंगाराच्या भावात मिळतं.

जंपर
मिळतं, पण तेही त्याच वयाचं. त्यापेक्षा डिस्कच्या प्रतिमेवरून व्हर्च्युअलबॉक्समध्ये (नव्या मशीनच्या आत दुसरं मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) एक्सपी उभं करा. डिस्कचा कंट्रोलर आयडीई (जुन्या जोडणीचा) ठेवा. साटा (नव्या जोडणीचा) ठेवलात तर निळा पडदा आणि स्टॉप ७बी, कारण एक्सपीकडे तो ड्रायव्हरच नसतो. नेटवर्क अडॅप्टर बंद, फाइलींची ये-जा शेअर्ड फोल्डरमधून. यूएसबी डोंगल असेल तर आत जोडता येतो. पॅरलल असेल तर आधी लॉक बदलून मिळतो का ते कंपनीला विचारा, नाहीतर हा उपाय अर्धवटच राहील.

आणि एक कळकळीची विनंती. एक्सपीचं शेअरिंग दिसत नाही म्हणून विंडोज १० वर एसएमबी१ (फाइल शेअरिंगची जुनी पद्धत) चालू करू नका. १७०९ आवृत्तीपासून ते मुद्दाम बंद ठेवलंय. २०१७ चा खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस ह्याच वाटेनं पसरला होता.

प्लेटरूम
एकरंगी कामापुरतं जुळारींचं पटतं. लेसरवर ट्रेसिंग काढून प्लेट करणाऱ्याला पेजमेकर काय अन् दुसरं काय, सारखंच. पण फाइल सीटीपीला (संगणकावरून थेट प्लेट काढायला) पाठवायची म्हटलं की तक्रारी सुरू होतात. नेहमीच्या दोन सांगतो.

पहिली फॉन्टची. पेजमेकरमधून पोस्टस्क्रिप्ट फाइल काढून ती डिस्टिलरला (पीडीएफ बनवणाऱ्या प्रोग्रॅमला) देतात. डिस्टिलरमध्ये 'एम्बेड ऑल फॉन्ट्स'वर (सगळे फॉन्ट पीडीएफमध्येच बसवायला) टिक हवी आणि खाली 'व्हेन एम्बेडिंग फेल्स'ला 'कॅन्सल जॉब' निवडायचं. तिथे नुसता इशारा ठेवला तर पीडीएफ तयार होते, तुमच्या मशीनवर ठीक दिसते आणि आमच्याकडे रोमन गिचमीड येते. तुमच्याकडे तो फॉन्ट बसवलेला असतो, आमच्याकडे नसतो.

दुसरी काळ्या रंगाची. रंगांच्या यादीत 'ब्लॅक'शेजारी 'रजिस्ट्रेशन' असतं. पडद्यावर दोन्ही काळेच. चुकून दुसरं लागलं की मजकूर चारही प्लेटांवर उतरतो, आणि रजिस्टर (चार रंगांची जुळणी) केसभर हललं की अक्षराला रंगीत कडा. रजिस्ट्रेशन फक्त कटिंगच्या खुणांसाठी असतं.

जुळारी
ह्या चुका ऑपरेटरच्या झाल्या. इनडिझाइनमध्येही (पेजमेकरनंतरच्या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्येही) रजिस्ट्रेशन असतंच की.

प्लेटरूम
असतं. पण तिथे सेपरेशन प्रीव्ह्यूत काळी प्लेट बंद केली की कुठे घोळ आहे ते लगेच उघडं पडतं. पेजमेकरमध्ये प्लेट निघाल्यावरच कळतं.

वेलांटी
मुद्द्याचं विचारते. जुन्या पीएमडी (पेजमेकरच्या) फाइली असतील आणि पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढायची असेल, तर बाहेर पडायचा रस्ता नेमका काय? जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडात नेणाऱ्या कन्व्हर्टरनं काम होतं असं सगळे सांगतात, प्रत्यक्षात गाडी जोडाक्षरांवर अडते.

अर्धा_र
वेलांटीताई, क्रम असा ठेवा.

आधी चित्रांसकट पूर्ण फोल्डर हलवा. चित्रं बहुधा लिंकनं जोडलेली असतात, एकटी पीएमडी उघडून उपयोग नाही. मांडणी हवी असेल तर इनडिझाइन सीएस६ किंवा त्याआधीचं लागेल. ते पेजमेकर ६ ते ७ च्या फाइली उघडतं, पुढच्या सीसी आवृत्त्या उघडत नाहीत. सीएस६ मधून सेव्ह केलेली फाइल मग नव्यात जाते.

मजकूर आरटीएफमध्ये काढा, साध्या टेक्स्टमध्ये नको. आरटीएफमध्ये कुठला तुकडा कुठल्या फॉन्टचा हे टिकतं. ते गेलं की कन्व्हर्टर इंग्रजी नावं आणि ई-मेलचे पत्तेही 'मराठी' करून टाकतो. मधल्या वर्डमध्ये सरळ अवतरणांची वळणदार करणारं ऑटोकरेक्ट आधी बंद करा. त्या जागेवर एखादं अक्षर बसलेलं असू शकतं. कन्व्हर्टर त्याच फॉन्टकुळाचा हवा. श्री-लिपीची आणि आयएसएमची रचना वेगवेगळी आहे.

रूपांतरानंतर तीन जागा शोधून तपासा. पहिली, दुसऱ्या, वाऱ्यावर, तऱ्हा असे शब्द. ढिसाळ कन्व्हर्टर इथे रफार देऊन 'दुसर्या' करतो. दुसरी, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षर एकत्र आलेले शब्द: स्थिती, शक्तिमान, निश्चित. जुन्या फॉन्टात ती वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडात नंतर येते. तिसरी, रफार आणि अनुस्वार एकाच अक्षरावर असलेले, जसं 'वर्षांत'.

शेवटी इनडिझाइनमध्ये पॅराग्राफ पॅनलच्या मेनूतून 'वर्ल्ड-रेडी' कंपोझर निवडा, नाहीतर जोडाक्षरं फुटलेली दिसतील. भाषा मराठी ठेवा. ज्या फॉन्टांत सोय आहे त्यांत त्यामुळे ल आणि श मराठी वळणाचे येतात. महागडा फॉन्टच हवा असंही नाही. मजकुराला 'टिरो देवनागरी मराठी', मथळ्यांना 'मुक्ता' किंवा 'बालू', तिन्ही फुकट आहेत.

जुळारी
वाचूनच दम लागला. दोनशे पानांच्या पुस्तकाची एवढी तपासणी कोण करणार आणि तिचे पैसे कोण देणार? प्रकाशक पुनर्मुद्रणाला छपाईचा दर विचारतो, प्रुफांचा नाही. जुन्या फाइलीत चार ओळींची दुरुस्ती पाच मिनिटांत होते.

अर्धा_र
चार ओळींची असेल तर करा, माझी हरकत नाही. नवं पुस्तक मात्र त्या मशीनवर सुरू करू नका. पाच वर्षांनी हीच तपासणी त्याचीही करावी लागेल, आणि तोवर जंपररावांचा तो डोंगल चालू असेलच असं नाही.

वेलांटी
मग जुन्या फाइलींचं इतकं तरी आत्ताच करून ठेवावं: प्रत्येक पुस्तकाची फॉन्ट एम्बेड केलेली पीडीएफ, मजकुराची आरटीएफ आणि वापरलेल्या फॉन्टांची नावं लिहिलेली एक टेक्स्ट फाइल. मशीन उद्या बंद पडलं तरी पुनर्मुद्रण अडणार नाही. एक्सपीवर पेनड्राइव्ह फॅट३२ किंवा एनटीएफएस फॉरमॅटचा लागेल. एक्सफॅटचा तो पॅच टाकल्याशिवाय ओळखत नाही.