'निरहंकारी' म्हणजे 'नम्र' का?

प्रश्न: 'त्याला फार अहंकार आहे' आणि 'साधनेत अहंकार गळला पाहिजे', या दोन्हीतला अहंकार एकच का? एका अनुवादात 'निरहंकारी'ला 'नम्र' केलंय, ते खटकतंय.

प्रतिसाद: खटकायलाच हवं. सांख्य या भारतीय दर्शनाच्या २५ तत्त्वांत अहंकार हा दुर्गुण नाही, ते एक तत्त्व आहे. प्रकृतीतून (जगाच्या मूळ कारणातून) महत् म्हणजे बुद्धी, बुद्धीतून अहंकार. पुढे त्याच्या सात्त्विक अंगातून मनासह ११ इंद्रियं आणि तामस अंगातून ५ तन्मात्रं (शब्द, स्पर्श अशी सूक्ष्म तत्त्वं). अहंकाराचं काम एकच: जे घडेल त्यावर 'मी, माझं' असा शिक्का मारायचा. 'मला भूक लागली' यातला 'मला' त्याचाच. इथे 'गर्व' घालून बघा, अर्थच लागत नाही. शंका आली की हीच अदलाबदल करायची.

सांख्यकारिका हा सांख्यांचा ग्रंथ अहंकाराची व्याख्या 'अभिमान' या शब्दाने करते. 'देहाभिमान' (देह म्हणजेच मी, असं मानणं) मधला अभिमान तो. रूपाचा तोरा नव्हे. अंथरुणाला खिळलेल्यालाही देहाभिमान असतोच.

आणि 'सात्त्विक अहंकार' हा शब्द 'मी रोज ध्यान करतो' या मिरवण्यासाठी वापरतात, तेही चूक. त्याला साधनेचा ताठा म्हणावं.

प्रतिसाद: गीतेच्या १३व्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं सुरू होतात ती 'अमानित्व, अदंभित्व' अशी (१३.७), आणि 'अनहंकार' पुढच्या श्लोकात वेगळा येतो. मानाची अपेक्षा नसणं, देखावा नसणं आणि मीपण नसणं, तिन्ही निरनिराळी. सगळीकडे 'नम्रता' लिहिलं की यादीच बिघडते.

प्रतिसाद: पालीतला, म्हणजे बौद्ध ग्रंथांतला 'मान' आणखी नेमका आहे. 'मी श्रेष्ठ', 'मी बरोबरीचा' आणि 'मी हीन', तिन्ही मानच. म्हणजे स्वतःला सतत कमी लेखणाराही सुटत नाही! दहा संयोजनांपैकी (माणसाला बांधणाऱ्या बेड्यांपैकी) सक्कायदिट्ठी (देह-मन म्हणजेच मी, ही दृष्टी) स्रोतापन्न झाल्यावर (मुक्तीच्या पहिल्या पायरीवर) तुटते, मान मात्र अर्हत्पदापर्यंत (शेवटच्या पायरीपर्यंत) टिकतो. 'मी कोणी नाही' हे मत पटणं सोपं, तुलना सुटणं अवघड.

प्रतिसाद: मराठीत क्रियापदच फरक सांगतं. माज चढतो नि उतरतो, ताठा मोडतो, गर्व होतो, अभिमान वाटतो. मीपण मात्र गळतं किंवा विरतं. ते कोणी दुसऱ्याने जिरवायचं नसतं.

प्रतिसाद: 'अस्मिता' राहिली. आज ती भाषेची, प्रांताची. योगसूत्रांत मात्र ती पाच क्लेशांपैकी (दुःखाच्या मुळांपैकी) दुसरी: द्रष्टा (पाहणारा पुरुष) आणि बुद्धी एकच भासणं (२.६). मानसशास्त्रातला 'अहम्' तिसराच. इदम् (आदिम इच्छा), पराहम् (आतला नैतिक आवाज) आणि वास्तव यांचा मेळ घालणारा. तो गळला तर पंचाईत!

प्रश्नकर्ता: मग 'नम्र'ऐवजी काय लिहावं?

प्रतिसाद: गीता १८.१७ सारख्या जागी 'कर्तेपणाचा भाव नसलेला' चपखल बसेल, कारण तिथे विषय कर्माचा आहे. १३.८ला 'अनहंकार' तसाच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे तळटीप द्या.