मदत हवी आहे: रोज पाऊण तास तबला बडवतोय, कायदा काही सुटेना

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं वाचनमात्र होतो, पहिलाच धागा काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

वय ४३, सांगलीत विश्रामबागला राहतो, मार्केट यार्डात एका हळदीच्या अडतीवर हिशोब बघतो. शाळेत असताना दोन वर्षं तबला शिकलेलो, मग दहावी आली आणि तबला जो माळ्यावर गेला तो गेलाच. (गावभागातल्या जुन्या घरी होता, २०१९ च्या पुरात माळ्यामुळंच वाचला, पुडी (वरचं कातडं) मात्र ओलीनं गेली.) चार वर्षांपूर्वी मिरजेच्या उरुसात दर्ग्यात रात्रीचं गाणं ऐकायला गेलो, किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ तिथं संगीतसभा असते, कुणी गेलं नसेल तर एकदा जाच आणि रात्री अंगावर घ्यायला काहीतरी न्या. तिथं साथीच्या तबलजीचा हात बघून डोक्यात किडा वळवळला आणि पुढच्याच आठवड्यात मिरजेला सरांकडं नाव घातलं. दर रविवारी क्लास. प्रारंभिक आणि प्रवेशिका प्रथम या तबल्याच्या परीक्षा झाल्या, आता नोव्हेंबर-डिसेंबरच्या सत्रात प्रवेशिका पूर्णला बसायचंय. मागच्या परीक्षेला सहावीतल्या एका पोरानं विचारलं, "काका, कुणाला सोडायला आलाय?" असो.

तर अडचण अशी. तीनतालातला आपला सगळ्यांचा पहिला कायदा (म्हणजे ठरलेल्या बोलांची रचना), धाधातिट धाधातिन्ना, तातातिट धाधाधिन्ना. बरोबरीत (एका मात्रेला एक अक्षर) स्वच्छ, दुगुनीत (दोन) बरा, चौगुनीला (चार) गेलो की तिट मधला ट गायबच होतो आणि मग सगळी गाडी घसरते. सर म्हणतात हा चौगुनीत सुटल्याशिवाय पुढचा देणार नाही, रियाज वाढवा. वाढवला की! पहाटे सव्वापाचला नळाला पाणी येतं म्हणून उठायलाच लागतं, ते भरून झालं की साडेपाचपासून सव्वासहापर्यंत बसतो, खालच्या मजल्यावरच्या आजोबांना डग्ग्याचा (जोडीतला मोठा, घुमणारा) त्रास होतो म्हणून त्यावर टॉवेल टाकून वाजवतो. आठ महिने झाले, हळदीच्या सीझनचा फेब्रुवारी ते एप्रिल सोडला तर खाडा नाही. तरी आहे तिथंच. बायको म्हणते की तेच तेच ऐकून आता मला पण पाठ झालं.

वयामुळं बोटं वळत नसतील का? की वेळ कमी पडतोय? दीड तास काढायचा तर रात्री नऊनंतरच जमेल आणि तेव्हा आजोबा झोपतात. जाणकारांनी कृपया सांगावं.

— नवखा तबलजी

कृष्णाकाठ:
वयाचं मनातून काढून टाका, ४३ ला कुणाची बोटं गंजत नाहीत. आधी एवढं सांगा, लेहरा (लय धरायला वाजत ठेवायची धून) मिनिटाला किती मात्रांवर लावता आणि त्या पाऊण तासात नेमकं काय काय करता? "रियाज करतो" असं नको, मिनिटावारी लिहा.

नवखा तबलजी:
लेहरा ॲपवर ८० ला असतो. आधी तीनतालाचा ठेका (तालाचे मूळ बोल) ५ मिनिटं, मग कायदा बरोबरी, दुगुन, चौगुन, पलटे (त्याच बोलांची उलटापालट), तिहाई (शेवटी तीनदा वाजवायचा तुकडा). चुकलं की परत पहिल्यापासून. शेवटी थोडा झपताल (दहा मात्रांचा ताल), बहुतेक वेळा राहूनच जातो.

कृष्णाकाठ:
वाटलंच. आता तुमच्याच कामाचा हिशोब करा. ८० च्या लेहऱ्यावर दुगुन म्हणजे मिनिटाला १६० अक्षरं, चौगुन म्हणजे थेट ३२०. मधली २००, २४०, २८० ही लय हातानं आयुष्यात कधी बघितलीच नाही, १६० वरून एकदम ३२० वर उडी मारायची आणि पडलो की परत पायथ्याला. आठ महिने तुम्ही चौगुन वाजवायचा नाही, चौगुनीतून पडायचा रियाज करताय.

लेहरा ५० वर आणा आणि चौगुनच वाजवा, म्हणजे २०० अक्षरं. हे जमायलाच पाहिजे. तीन आवर्तनं (तालाच्या पूर्ण फेऱ्या) लागोपाठ स्वच्छ आली की ५४, मग ५८. एक जरी ट गिळला गेला तरी लय ४ नं खाली. आणि चुकलं की पहिल्यापासून अजिबात नाही! जिथं तुटलं तेवढाच तुकडा घ्या, धाधातिट धाधातिट, बस्स. पहिल्या धा चा रियाज तुमचा नको इतका झालाय.

दुसरं, ट ची तर्जनी किती उचलताय बघा. मोबाईल बाजूला उभा करून व्हिडिओ काढा. माझी पैज, ति वाजून मधलं बोट वर जातं तेव्हा तर्जनी पण हवेत लांब असते, मग ती खाली येईपर्यंत पुढचा धा आलेला असतो. बोटं शाईपासून (पुडीवरचा काळा गोल) फार लांब जायलाच नकोत.

भजनीठेका:
मी साताऱ्याकडचा, आमच्या भजनी मंडळात तीस वर्षं पखवाज आणि तबला दोन्ही वाजवतोय. आमाला कुणी लेहरा लावून दिला न्हाई. दर एकादशीला रात्रभर बसायचं, हात आपोआप मोकळा होतो. तुमी लई हिशोब करताय राव, हळदीची पोती मोजल्यागत.

कृष्णाकाठ:
दादा, मान्य, पण एकादशीला रात्रभर म्हणजे किती तास झाले ते पण मोजा की. यांच्याकडं पाऊण तास आहे, त्यात लेहऱ्याशिवाय कसं कळणार कुठं धावतोय ते.

भजनीठेका:
ते बी खरं. पण एक करा, महिन्यातनं एकदा तरी कुठल्या तरी भजनाला साथीला बसा. घरात चुकलं की थांबता येतं, तिथं गाणारा तुमच्यासाठी थांबत न्हाई. मग सम (तालाची पयली मात्रा) सोडायची न्हाई एवढंच ध्यानात ऱ्हातं.

सकाळची_तोडी:
मी गाणं शिकते, तबला येत नाही, तरी दोन पैसे माझेही. पाऊण तास सलग एकच कायदा हे मला फार वाटतं. मी पलटे दहा मिनिटं, मग बंदिश, मग परत त्याच पलट्यांवर येते, दुसऱ्यांदा येताना सुरुवातीला अडखळायला होतं आणि त्रास होतो पण दुसऱ्या दिवशी तेच जास्त टिकलेलं असतं. तुमचा झपताल रोज राहतो ना, तो मध्येच घाला. आणि पढंत करता का? हातावर टाळी-खाली देत बोल तोंडाने म्हणायचे, परीक्षेतही विचारतातच. त्याला तबला लागत नाही, आजोबा उठत नाहीत, सीझनमध्येसुद्धा खाडा पडणार नाही. तोंडात ज्या लयीला तिट अडकतं त्या लयीला ते हातात कुठून येणार?

नवखा तबलजी:
सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांनी येतोय, मुद्दाम करून बघून मगच लिहायचं ठरवलेलं.

व्हिडिओ काढला. तर्जनी हवेत, अगदी छत्री धरल्यागत. आधी मलाच हसू आलं. लेहरा ५० वर लावला तर गंमत म्हणजे पहिले चार दिवस समच सापडेना, इतका सावकाश कधी ऐकलेलाच नव्हता. मग तोडीताईंचं ऐकून पढंत सुरू केली, अडतीवर जाता-येता गाडीवर नुसतं तोंडानं, घरी आल्यावर टाळी देऊन. सिग्नलला शेजारचा माणूस वळून बघतो, बघू दे. तोंडात पण ट गिळत होतो हे तेव्हा कळलं!! आता ६२ वर आहे, म्हणजे २४८ झाले, ६६ ला अजून तुटतं. झपताल मध्ये घातल्यामुळं रोज होतोय. वेळ तेवढाच, पाऊण तास.

सरांना रविवारी ५८ वर वाजवून दाखवला. काही बोलले नाहीत, पण टॉवेल टाकून वाजवता का म्हणाले, डग्ग्याची घीस (मनगट घासून काढायचा घुमारा) दबलेली येतेय. कसं ओळखलं देव जाणे. आता पुढचा प्रश्न तोच. आजोबांना त्रास न होता डग्गा वाजवायला टॉवेलशिवाय काही उपाय आहे का? खाली जाड सतरंजी घालून बघितली, थोडाच फरक पडला. आणि या पावसात पुडी इतकी उतरतेय की रोज सकाळी दहा मिनिटं हातोडीतच जातात, तुम्ही लोक पावसाळ्यात तबला कशात ठेवता?

भजनीठेका:
डग्ग्याचं म्हायीत न्हाई, पण आजोबांना एकदा वर च्याला बोलवा. आमच्या खालचे आता स्वतःच टाळ घेऊन येत्यात.