जुन्या कुंग-फू सूडपटांची गोडी सुडात आहे की तालमीत?

कोपरीकर (ठाणे पूर्व)

सत्तरच्या दशकातले हाँगकाँगचे कुंग-फू सिनेमे मी अजूनही आवडीने पाहतो, आणि कुणीतरी विचारतंच, "त्यात आहे काय? गुरूला मारलं, शिष्याने सूड घेतला, संपलं." गोष्ट तेवढीच असते, हे खरं. तरीही माझं ठाम मत आहे की सूड हा फक्त नायकाला घरातून बाहेर ढकलणारा धक्का असतो. आपण गुंततो ते त्यानंतरच्या तालमीत.

'द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन' (१९७८) घ्या. दिग्दर्शक लाउ कार-लेउंग, नायक गॉर्डन लिउ. तेव्हा चीनवर राज्य करणाऱ्या मांचू राजवटीचे लोक नायकाच्या जवळच्या माणसांना मारतात आणि तो जखमी होऊन शाओलिन मठात पोचतो. तिथून पुढे बराच वेळ सिनेमा फक्त शिकणं दाखवतो. पाण्यावर तरंगणाऱ्या ओंडक्यांवर पाय देऊन पलीकडे जाता आलं तरच जेवण. दंडाला सुरे बांधून, हात पसरून पाण्याच्या बादल्या वाहायच्या. हात खाली आला की सुरा बरगडीत. लांब काठीच्या टोकाला जड वजन, आणि तेवढ्या मनगटाच्या जोरावर घंटा वाजवायची. टांगलेल्या वाळूच्या पोत्यांना डोक्याने धडका देत पुढे सरकायचं. प्रत्येक ठिकाणी तो आधी हरतो, आणि ते हरणं दिग्दर्शक घाई न करता दाखवतो.

सूड शेवटी येतो आणि पटकन उरकतो. सिनेमा तिथेही संपत नाही. मठात पस्तीस दालनं होती. छत्तिसावं दालन म्हणजे मठाबाहेरच्या साध्या माणसांना ही विद्या शिकवणं, आणि अखेर तिथे होते.

आजच्या ॲक्शन सिनेमातल्या नायकाला पहिल्या मिनिटापासून सगळं येतं. तो कुठे शिकला, किती वेळा आपटला, हे कुणी सांगत नाही. म्हणून त्याने पन्नास जण लोळवले तरी मला काही वाटत नाही. नौपाड्यात, कळव्यात, वागळे इस्टेटीत ज्यांनी व्हीसीआर भाड्याने आणून हे सिनेमे पाहिलेत त्यांना विचारतो, तुमच्या लक्षात काय राहिलं? शेवटचा वार की त्या बादल्या?

वाशी_मास्तरीण

बादल्या तुमच्या लक्षात राहिल्या कारण तुम्ही मोठे झाल्यावर ते सिनेमे पुन्हा पाहिलेत. मी पाचवी ते सातवीला शिकवते. मधल्या सुट्टीत मुलं एकमेकांच्या छातीवर लाथ घालायला धावतात. बादल्या उचलायचा खेळ खेळणारा मुलगा मी पाहिलेला नाही.

मला तर तालीमच जास्त खटकते. नुसता हिंसक सिनेमा असेल तर मुलाला निदान कळतं की हा माणूस रागावलाय. या सिनेमांत नायक इतके कष्ट घेतो की शेवटी मारण्याचा हक्क त्याने कमावला असं वाटायला लागतं. मेहनत, शिस्त, गुरूवर श्रद्धा, या सगळ्या आपण मुलांना शिकवतो त्याच गोष्टी, आणि त्या सगळ्या एका खुनाच्या तयारीला जुंपलेल्या.

शिवाय सूड एका माणसावर थांबत नाही. ब्रूस लीच्या 'फिस्ट ऑफ फ्युरी'मध्ये (१९७२) गुरूवर विषप्रयोग होतो आणि शिष्य शांघायमधल्या जपानी आखाड्यात घुसून तिथल्या सगळ्यांना झोडपतो. चीनने जपानकडून काय सोसलं ते मला माहीत आहे. पण त्या सिनेमात सरळ वागणारा एकही जपानी माणूस मला आठवत नाही.

आणि बायका? 'एंटर द ड्रॅगन'मध्ये (१९७३) नायकाची बहीण जिवावर उदार होऊन लढते, कोंडीत सापडल्यावर स्वतःचा जीव घेते, आणि तिथून पुढे ती फक्त भावाच्या रागाचं कारण म्हणून उरते. तिच्या लढाईचं काय?

खाडीपूल

ताई, रामायण मालिका लागायची तेव्हा आमच्या कळव्याच्या चाळीतली सगळी पोरं खराट्याच्या काड्यांचे बाण सोडत होती. त्यासाठी रामायणाला कुणी दोष दिला नाही. कोपरीकरांना पूर्ण अनुमोदन.

कोर्टनाका

मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. सूड वगळून या सिनेमांबद्दल बोलणं म्हणजे त्या प्रेक्षकाला न विचारता त्याच्या वतीने बोलणं आहे.

हे सिनेमे कुठे आणि कधी आले ते पाहा. १९६७ साली हाँगकाँग दंगलींनी हादरलं होतं. पोलिसांतली लाचखोरी तर उघड गुपित होतं. १९७३ मध्ये पीटर गॉडबर नावाचा वरिष्ठ पोलीस अधिकारी चौकशी सुरू असतानाच ब्रिटनला पळून गेला, लोक रस्त्यावर उतरले आणि १९७४ च्या फेब्रुवारीत सरकारला भ्रष्टाचारविरोधी स्वतंत्र आयोग नेमावा लागला. त्या शहरातल्या माणसाला, नायक पोलिसात का जात नाही, असा प्रश्न पडत नव्हता. त्याला उत्तर घरातच माहीत होतं. 'द बिग बॉस'मध्ये (१९७१) बर्फाच्या कारखान्यातल्या कामगारांचे खून होतात, तेव्हा कायदा कुठेच नसतो. पोलीस शेवटी येतात आणि बेड्या नायकाला पडतात.

आपल्याकडेही त्याच १९७३ मध्ये 'जंजीर' आला. त्यातला इन्स्पेक्टर लाचेच्या खोट्या आरोपात तुरुंगात जातो. दोन शहरांचा एकमेकांशी संबंध नव्हता, चीड मात्र एकाच जातीची होती.

मी ठाणे कोर्टात दिवाणी दावे चालवतो. वडिलांनी लावलेल्या वाटणीच्या दाव्यात मुलगा हजेरी लावतो, हे रोजचं आहे. तो सूड घेत नाही. पुढची तारीख घेतो आणि लोकल पकडून घरी जातो. अशा माणसाला दोन तास पडद्यावर निकाल लागताना पाहावासा वाटला तर त्यात त्याची तालमीची आवड शोधू नका. त्याला निकालच हवा असतो आणि त्याची लाज वाटण्याचं कारण नाही.

घणसोली_डोजो

मी कराटे शिकवतो, म्हणून थोडं अंगमेहनतीच्या बाजूने.

लाउ कार-लेउंगच्या सिनेमातल्या बैठका, हातांचे आकार बनावट नाहीत. त्याचे वडील लाम साई-विंग यांचे शिष्य, आणि लाम साई-विंग हे नावाजलेले कुंग-फू गुरू वाँग फेई-हुंग यांचे. म्हणजे दक्षिण चीनमधली हुंग गा ही पद्धत त्याच्या घरात चालत आली होती. जमिनीलगतची रुंद बैठक, त्यावर न हलता उभं राहणं, हे सगळं तिथलंच. दिग्दर्शक होण्याआधी तो इतरांच्या सिनेमांत हाणामारी बसवायचा. त्यामुळे पायाची पकड कशी दाखवायची हे त्याला बरोबर कळतं.

खोटं आहे ते युद्ध. दहा मिनिटं कुणी असं लढत नाही. खऱ्या लढतीत काही सेकंदांत दम लागतो आणि एखादा ठोसा नीट बसला की विषय संपतो.

वाशीच्या ताईंचं एक म्हणणं मी रोज अनुभवतो. सिनेमा पाहून आलेला मुलगा पहिल्याच दिवशी नानचाकू (साखळीने जोडलेल्या दोन दांड्यांचं हत्यार) मागतो. त्याला घोडेस्वाराच्या बैठकीत उभं केलं की मांड्या थरथरतात, आणि पुढच्या आठवड्यात आई विचारते, "सर, पुढचा बेल्ट कधी?" पण जो टिकतो त्याला आम्ही वर्षभर काय शिकवतो? ठोसा समोरच्याच्या अंगाला लागण्याआधी थांबवायला. सिनेमातले गुरू हे शिकवताना दिसत नाहीत आणि माझी त्यांच्याविरुद्ध हीच मोठी तक्रार आहे.

ऐरोली_संकलक

मी संकलनाचं काम करते, त्यामुळे मला या चर्चेत कुणीच लढतीबद्दल बोलत नाही याचं वाईट वाटतंय. घणसोली सर, लढत खोटी आहे म्हणून ती कमी कशी ठरेल? जॅकी चॅन, सामो हुंग हे नट लहानपणी पेकिंग ऑपेराच्या, म्हणजे चिनी संगीतनाट्याच्या शाळेत वाढले. कोलांटी, तोल, तालावर थबकणं त्यांच्या अंगात तिथे मुरलं. वार, अडवणूक, वार, आणि मग क्षणभर स्तब्ध, ही लय रंगमंचावरून आलेली आहे. ती लढाईसारखी दिसावी असा हट्ट धरला तर हातात काही राहत नाही.

आणि कॅमेरा लांब उभा असतो. डोक्यापासून पायापर्यंत अख्खं शरीर चौकटीत दिसतं, हालचाल पूर्ण होईपर्यंत कट येत नाही. आज माझ्याकडे येणाऱ्या फुटेजमध्ये एका ठोशाचे चार तुकडे असतात, कारण नटाला तो ठोसा मारताच येत नाही. कोपरीकर काका, तुम्हाला तालीम आवडते ती याच्यामुळे. तिथे मनगटाला जे शिकवलं ते लढतीत मनगटातच दिसतं. मध्ये संकलकाला काही लपवावं लागत नाही.

वाशीच्या ताई, बायकांबद्दल मात्र मी भांडणार. किंग हू याच्या 'कम ड्रिंक विथ मी'ची (१९६६) नायिका चेंग पेई-पेई आहे. ती नृत्य शिकलेली होती आणि तलवारबाजीत ते दिसतं. लाउ कार-लेउंगच्याच 'एक्झिक्युशनर्स फ्रॉम शाओलिन'मध्ये (१९७७) नवरा व्याघ्रशैलीत पारंगत, बायको बगळ्याच्या शैलीत. बायकोकडून शिकायला तो तयार होत नाही. फक्त व्याघ्रशैलीच्या जोरावर तो पांढऱ्या भुवयांच्या खलनायक पाई मेईशी लढायला जातो आणि मरतो. जिंकतो मुलगा, कारण आईने त्याला तिची शैली शिकवलेली असते आणि वडिलांची तो अर्ध्या कुरतडलेल्या पुस्तकावरून जुळवतो. बापाचा अहंकार त्याच्या जिवावर उठला हे इतकं स्पष्ट सांगणारे सिनेमे आपल्याकडे तेव्हा किती होते?

वाशी_मास्तरीण

हा सिनेमा मी पाहिलेला नाही, नक्की पाहीन. तुम्ही सांगितलेली गोष्ट मला आवडली.

पण कोर्टनाका, तुम्हाला विचारायचंय. सिनेमात दोषी कोण हे प्रेक्षकाला पहिल्या रिळापासून माहीत असतं. पांढऱ्या भुवयांचा पाई मेई आला की शंका उरत नाही. तुमच्या कोर्टात तसं असतं का? वाटणीच्या दाव्यात दोन्ही भाऊ स्वतःला त्या सिनेमाचा नायक समजत असतील. निकाल लवकर हवा हे मलाही मान्य. पण इथे पुरावाच तपासलेला नसतो.

खाडीपूल, बाण खेळून झाल्यावर घरातलं कुणीतरी मुलांना रामायणाबद्दल आणखी काही सांगायचं. या सिनेमांबद्दल मुलांशी कोण बोलतं?

कोर्टनाका

ताई, दोन्ही भाऊ स्वतःला नायक समजतात, अगदी खरं आहे. म्हणूनच मी कोर्टात सिनेमा आणत नाही आणि सिनेमाकडे कोर्टाची मागणी करत नाही. पडद्यावर दोषी पक्का असतो हीच तर प्रेक्षकाला मिळणारी विश्रांती आहे. दिवसभर कुणाचं खरं हे न कळण्यात गेल्यावर ती लागते.

कोपरीकर

ऐरोलीच्या ताईंनी मनगटाचं जे सांगितलं ते मला इतक्या नेमकेपणाने मांडता आलं नसतं.

कोर्टनाका, प्रेक्षक निकालासाठी येत असेल, पण बनवणारे तेवढ्यावर थांबत नव्हते. चँग चेहचा 'द वन-आर्म्ड स्वोर्ड्समन' (१९६७) तर सूडपटांचा मूळपुरुष मानला जातो. त्यात गुरूची मुलगी नायकाचा उजवा हात तोडते. मग सूड तिच्यावर हवा ना? तो तिला आणि गुरूला वाचवतो. डाव्या हाताने, अर्धवट जळलेल्या पोथीवरून नव्याने तलवार शिकतो, आणि सगळं झाल्यावर शेती करायला निघून जातो. वाशीच्या ताईंना 'हीरोज ऑफ द ईस्ट' (१९७८) सुचवतो. लाउ कार-लेउंगचाच. चिनी नवरा, जपानी बायको, जपानहून एकेक उस्ताद आव्हान द्यायला येतो. त्यांना खलनायक केलेलं नाही, त्यांच्या विद्येचा मान राखलाय, आणि अख्ख्या सिनेमात कुणी मरत नाही. घणसोली सरांना हवा तो थांबवलेला ठोसा त्यात आहे.

कोर्टनाका

ज्यात सूडच नाही त्या सिनेमाचा दाखला सूडपटांच्या बाजूने कसा द्यायचा? आणि हाच दिग्दर्शक सहा वर्षांनी 'द एट डायग्राम पोल फायटर' (१९८४) करतो. भावांचा घात झाल्यावर नायक मठात आसरा घेतो. तिथले भिक्षू लांडग्याला न मारता त्याचे दात काढायचा सराव करतात, करुणेपोटी, लाकडी लांडग्यांवर. शेवटच्या लढाईत त्याच काठ्या माणसांचे दात उपटतात. म्हणजे तालीम कितीही पवित्र असो, सूड तिला हवी तशी वापरतो. हे तुमच्याच आवडत्या दिग्दर्शकाने दाखवलंय.

कोपरीकर

दाखवलंय, आणि नायकाला त्याची किंमतही मोजायला लावली आहे. तो बहिणीला घरी पाठवतो, स्वतः घरी जात नाही, मठातही राहत नाही. या सिनेमाचं चित्रीकरण सुरू असताना १९८३ मध्ये फू शेंग हा नट अपघातात गेला, कथा बदलावी लागली. तरी शेवट इतका कडवा ठेवण्याचा निर्णय दिग्दर्शकाचा होता. सुडाने समाधान मिळतं असं म्हणणारा माणूस असा शेवट करणार नाही.

घणसोली_डोजो

लाकडी लांडग्यांचा प्रसंग मी वरच्या बेल्टच्या मुलांना दाखवतो आणि नंतर बसून बोलतो. मोठी मुलं यावर चांगलं भांडतात.

वाशी_मास्तरीण

तुम्ही नंतर बसून बोलता, सर, हे महत्त्वाचं. 'हीरोज ऑफ द ईस्ट' मी आधी स्वतः पाहीन आणि ठीक वाटला तर सातवीच्या वर्गाला दाखवायची परवानगी मागेन. दात उपटणारा मात्र माझ्या वर्गात लागणार नाही, शेवट कितीही कडवा असला तरी.